काटा ५० वर, गाडी ५६ ला

मोटारसायकलचा मीटर चुकतो तेव्हा तो कसा चुकतो हे आधी बघावं, मग दुरुस्तीला हात घालावा. पोराने हातचा विसरला की रीतच चुकली, हे पाहिल्याशिवाय आम्ही तरी कुठे लाल रेघ मारायचो!

आमच्या जुन्या हिरो होंडा सीडी १०० वरून हल्ली नातू कॉलेजला जातो. ५० च्या पुढे जायचं नाही, ही माझी अट. एकदा मुलगा कारने नेमका त्याच्या मागे होता. घरी येऊन म्हणाला, "बाबा, हा साठने पळवतो." नातू म्हणाला, "आजोबा, शप्पथ, काटा ५० च्या पुढे गेला नव्हता." झालं! दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलेनात. किल्ली माझ्या खिशात. पण इतकी वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत, हा खोटं बोलत नव्हता.

रविवारी सकाळी नातवाला मागे बसवून कोरेगावचा रस्ता धरला. दोघांना हेल्मेट, त्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. हिशेब शाळेतलाच: ३६०० ला सेकंदांनी भागायचं. काटा ५० वर धरला तर एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतच्या किलोमीटरला ६४ सेकंद, म्हणजे ५६ चा वेग. काटा ४० वर, ८० सेकंद, म्हणजे ४५. एखादा दगड मागेपुढे रोवलेला असतो, म्हणून चार-चार वेळा मोजून सरासरी काढली. सरळ रस्त्यावर जीपीएसनेही ५६ च दाखवले.

खरी गंमत पुढेच. दगडांप्रमाणे १८ किलोमीटर झाले, तेव्हा मीटरचे आकडे १६ नेच सरकले होते. म्हणजे सगळीकडे नवाला आठ!

चाकाकडून येणारी केबल मीटरमध्ये दोन कामं करते. दातेरी चाकांनी किलोमीटरचे आकडे पुढे ढकलते, आणि एक लोहचुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते. तो तिला शिवत नाही, पण त्याच्या फिरण्याने वाटीत वीज उत्पन्न होते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा थांबेल तो वेग. १९०२ मध्ये ऑटो शुल्झ या जर्मन गृहस्थाने याचं पेटंट घेतलं. बाकी आकडेमोड काही नाही आत, नुसती रस्सीखेच!

आता चुंबक क्षीण झाला तर काटा कमी दाखवेल, पण किलोमीटर बरोबरच पडतील. आमच्याकडे दोन्ही एकाच प्रमाणात कमी. टायर मापाचाच होता, आणि झिजलेला टायर तर उलट वेग जास्त दाखवतो. राहिला मीटर. दिवाळीत काच फुटली म्हणून गॅरेजमध्ये नवा बसवला होता. दिसायला हुबेहूब, पण निघाला दुसऱ्याच मॉडेलचा.

गॅरेजवाला म्हणाला, "सर, काटा उपटून सहाने पुढं बसवतो, दोन मिनिटांचं काम." मी त्याच्याच पाटीवर खडूने मांडून दाखवलं. खरा वेग ५६ असेल तिथे जमेल. पण खऱ्या ९० ला हा मीटर ८० दाखवतो, सहा मिळवून ८६. म्हणजे जिथे धोका जास्त तिथेच चार कमी! चूक गुणाकाराची, तिला बेरजेचं औषध कसं चालेल? तो हसला आणि योग्य मॉडेलचा मीटर मागवला.

आता काटा ५० वर असताना किलोमीटरला ७५ सेकंद लागतात, म्हणजे ४८. हे चालतं. युरोपातला नियमच असा आहे की मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालेल. मग मुलाची कारही त्याच दगडांवर नेली. काटा ६० वर, सेकंद ६४! मुलगा बराच वेळ स्टॉपवॉचकडे बघत बसला, मग नातवाला म्हणाला, "चल, चहा घेऊ." किल्ली मी त्याच टपरीवर परत दिली.

जुन्या मीटरवर दिवाळीपासून २४०० किलोमीटर पडले होते. खरे धरले तर २७००. इंजिन ऑइलची वेळ टळून गेली होती, ते परवा बदललं.