तीन कुठली, बावन्न

भाची सुट्टीला नांदेडला आली आहे. परवा तिच्या फोनवर ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड वाजत होता. गिटार, ड्रम आणि अभंग. ऐकता ऐकता तिनं विचारलं, “मामा, ‘काट्याच्या अणीवर’चा खरा अर्थ काय रे?”

ज्ञानदेवांच्या नावावरचं हे कूट. गावं, कुंभार, मडकी, पाहुणे, सगळं तीन-तीन, आणि त्यातलं एकही धड नाही. छापील उत्तर मला पाठ आहे: तीन गावं म्हणजे सत्त्व, रज, तम. पण ते ओठांवर येईना. आठवला तो औशाकडच्या एका कीर्तनात माझ्या मागं बसलेला म्हातारा. बुवांनी त्रिगुणांचा उलगडा सुरू केला, तसा तो पुटपुटला, “तीन कुठली ओ, बावन्न हायती.”

30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी हादरली. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवदाची मणामणांची माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूर-उस्मानाबादची 52 गावं उठवून दुसरीकडं वसवली.

त्या कीर्तनापासून बुवांवर माझा राग आहे. कूट घातलं की लगेच सोडवायची घाई! त्रिगुणच सांगायचे असते तर ते सरळ सांगता आले असते. गावं आणि कुंभार कशाला उभे केले? इकडं हजूर साहिब गुरुद्वारात नरसीच्या नामदेवांची पदं कानी पडतात. गुरू ग्रंथसाहिबात ती 61 आहेत. मला अर्धी कळत नाहीत, पण म्हणून काही अडत नाही.

भाचीला त्रिगुण सांगितलेच नाहीत. भूकंपानंतरच्या नव्या गावांतली घरं सांगितली. तीही तीनच मापांची, जमीन बघून दिलेली: 250, 400 आणि 750 चौरस फूट. भूमिहीनांच्या वाट्याला 250.

“म्हणजे कुंभारालाही तेवढंच?”

जमीन नसेल तर तेवढंच. त्यात चाक मांडायचं, माती तुडवायची, कच्ची मडकी सावलीत सुकवायची, आणि रात्री अंथरूणही तिथंच घालायचं. अभंगातल्या कुंभारांच्या हातून मडकं का घडत नाही, याचं कारण बुवांनी मायेत शोधलं होतं. मी तिला म्हटलं, जरा जागेतही शोधून बघ.