हुकूम काय आहे?

आत्याने मेंढीकोट खेळायचं सोडलं, तेव्हा त्यात काही वावगं आहे असं घरात कुणाला वाटलं नाही. डोळे दुखतात, म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या बाईचे डोळे दुखायचेच.

साताऱ्याच्या जुन्या घराची माडी, खिडकीला वाळ्याचा पडदा, मधोमध सतरंजी आणि आत्या आपल्याकडे भिडू म्हणून यावी यासाठी पोरांची भांडाभांडी, हा आमच्या मे महिन्याचा ठरलेला थाट. बावन्नच्या बावन्न पानं तिच्या डोक्यात लागलेली असत. चारांपैकी किती मेंढ्या उतरल्या, इस्पिकची राणी कुणाकडे अडून बसली आहे, हे ती डाव अर्ध्यावर असतानाच सांगे. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली बाई ती. तीच एका दुपारी डावाच्या मध्यात म्हणाली, "हुकूम काय आहे रे?" चार हात झाले आणि तिने तेच पुन्हा विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. समोरच्याचा चेहरा न्याहाळत जपून पान टाकलं. पुढच्या सुटीत ती सतरंजीच्या कडेला कैऱ्या चिरत बसली होती. हसत होती, पोरांची बाजूही घेत होती, पण पत्त्यांना हात लावत नव्हती.

स्मृतिभ्रंश म्हटलं की आपल्याला वाट चुकलेला म्हातारा माणूस आठवतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशेंनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे निघून जातात, तेव्हा पाहणाऱ्याचं काळीज हलतं. पण तो पुष्कळ पुढचा मुक्काम. या आजाराची सुरुवात फार साध्या जागी होते, आणि बऱ्याचदा ती विसरण्यासारखी दिसतही नाही. माणसाचा स्वभाव बदलला असं वाटतं. 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अल्झायमर यांच्यापुढे आलेल्या आउगुस्टे डेटर अवघ्या 51 वर्षांच्या होत्या. त्यांच्यातला सुरुवातीचा ठळक बदल होता नवऱ्यावरचा संशय. 1906 साली त्या वारल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मेंदूत जे दिसलं, त्या आजाराला पुढे त्या डॉक्टरांचं नाव मिळालं.

आत्याचा संशय घरकामाला येणाऱ्या मावशींवर आला. पाटल्या जागेवर नव्हत्या. आत्या तोंडाने काही बोलली नाही, पण स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागली. ते न कळण्याइतक्या मावशी भोळ्या नव्हत्या. पाटल्या नंतर देवघरातल्या खणात, वातींच्या पुडक्याखाली मिळाल्या. मला त्या मावशींबद्दल आजही वाईट वाटतं. घरात ज्याला उलट बोलता येत नाही, या आजाराचा पहिला फटका पुष्कळदा त्यालाच बसतो.

मग चिल्लर. मंडईत आत्या प्रत्येक भाजीवाल्यापुढे पाचशेचीच नोट धरायची. किती झाले, किती द्यायचे, किती परत यायचे, ही बेरीज-वजाबाकी तिला जड जाऊ लागली होती. मोठी नोट पुढे केली की त्यातून सुटका व्हायची. सुटे पैसे घरी येत आणि कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात पडत. डबा काठोकाठ भरला, तेव्हा आत्याच्या काटकसरीचं कौतुक झालं.

आणि आत्याचे यजमान, आमचे काका. तिच्या वाक्यातला निसटलेला शब्द काका इतक्या अलगद पुरवत, की ऐकणाऱ्याला वाक्य अखंडच वाटे. काल कोण आलं होतं, असं तिला विचारलं की तिची मान आधी काकांकडे वळायची. प्रश्न तिला आणि नजर सोबत्याकडे, ही खूण मेंदूचे डॉक्टर बारकाईने बघतात. पन्नास वर्षांच्या संसारात एकमेकांना सावरून घ्यायची जी सवय लागते, तीच इथे आजारावर पांघरूण घालते. त्यात काकांचा दोष मला तरी दिसत नाही.

शेवटी आत्याला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचं बिघडलेलं काम, मनात घर करून राहिलेली उदासी, या सगळ्यांनी स्मरण मंदावतं आणि वेळेवर उपचार झाले तर पुष्कळदा सुधारतंही. पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्तसुद्धा असंच फसवतं. म्हणून 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हा विषय उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. आत्याचे ते सगळे अहवाल चांगले आले. मग तिच्यापुढे कोरा कागद ठेवला गेला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

वर्तुळ देखणं आलं. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढण्याबद्दल तिची ख्यातीच होती. आकडे जागच्या जागी. काटे मात्र एक अकरावर आणि दुसरा दहावर. कागद हातात धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली. "काहीतरी चुकलंय," ती म्हणाली, "पण काय चुकलंय ते सापडत नाही."

अल्झायमरमध्ये नवी आठवण रुजवणारा मेंदूतला भाग आधी झिजतो. म्हणून काल ऐकलेलं जातं आणि बालपणीचे पाढे राहतात. झिजलेलं भरून येत नाही, औषधं काही काळ हात देतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त आहे.

निदान लवकर झाल्यामुळे आत्याच्या वाट्याला एक गोष्ट आली. पुढचं तिने स्वतः ठरवलं. वकिलांना घरी बोलावून मृत्युपत्र केलं. पुढे कुणाजवळ राहायचं ते सांगितलं. मावशींना समोर बसवून त्यांची माफी मागितली आणि त्या पाटल्यांतली एक त्यांच्या मुलीच्या नावाने लिहून ठेवली.

घरातलं कुणी आवडीचं काम एकाएकी सोडत असेल, हिशेब टाळत असेल, उत्तरासाठी तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर वयाचं कारण पुढे करून थांबू नका. जे दिसलं ते कागदावर लिहा, त्यांना सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा. स्वतःचं स्वतः ठरवता येतंय, तोवर जा.