पहिली कमाई आणि नवं कार्ड

माझा भाचा ब्लेंडरवर अ‍ॅनिमेशन शिकतो. पैशाचं पहिलं काम मिळालं म्हणून त्याने रेडिऑन ९००० मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. पण डेबियन १२ वर चित्र पावलोपावली अडखळू लागलं. दुकानदाराचा सल्ला एकच, "लिनक्स काढा, चोरीची विंडोज टाकून देतो." भाचा मला म्हणाला, "मामू, पहिलीच कमाई, आणि तीही अशी?"

कारण साधं होतं. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, कर्नल ६.१ घेऊन. ही कार्डं बाजारात आली मार्च २०२५ पासून. पुढे जन्माला येणाऱ्या पाहुण्याचा चेहरा जुनं कर्नल कसा ओळखणार? सेटिंगमध्ये ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसत होतं. म्हणजे कार्ड स्वस्थ बसलेलं आणि सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढत होता.

इथे विंडोजसारखी ड्रायव्हरची फाईल शोधत बसायचं नसतं. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. जोडीला मेसा आणि फर्मवेअर लागतं. तिन्ही नवी हवीत, एकच बदलून भागत नाही. आम्ही आधी त्याच्या कामाची प्रत काढून ठेवली आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ वर गेलो. कर्नल ६.१२, मेसा २५. कार्ड लगेच ओळखलं गेलं. खर्च झाली ती एक संध्याकाळ आणि थोडं इंटरनेट.

परवडत नाही या सबबीवर आपल्या पोरांच्या हातात चोरीचं सॉफ्टवेअर सहज ठेवलं जातं. हक्काचं आणि चांगलंही मिळतं, हे सांगणारं घरात कुणीतरी हवं.