कोपऱ्यातला ठिपका

गेल्या पावसाळ्यात नर्सिंगच्या थर्ड इयरची एक मुलगी आमच्या वॉर्डात पोस्टिंगला आली. तिचा केअर प्लॅन तपासायला मी लाल पेन उघडलं, आणि त्या दिवसापासून माझाच हात कागदावर अडखळायला लागला. तेहतीस वर्षं झाली नोकरीला. वाकडा हात मी पुष्कळ पोरींचा सरळ केलाय.

पेशंट नऊ नंबरची. पस्तिशीच्या आतली, ब्लाऊज शिवणारी. ताप, खोकला, साडीच्या निऱ्यांचा घेर वाढत गेलेला. थुंकीत टीबी निघाला आणि दोन दिवसांनी आयसीटीसी या तपासणी केंद्रातून कागद आला: एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह. आमच्या मुलीनं तिला केस म्हणून घेतलं आणि सहा रकान्यांचा प्लॅन लिहिला. पहिलं नर्सिंग डायग्नोसिस, ज्ञानाचा अभाव. आजार नवा कळला की हे वाक्य येतंच, मग मधुमेह असो की मोडलेला पाय. हल्ली तर सीनियरच्या फाइलवरून पेशंटचं वय बदलून प्लॅन उतरवतात आणि ट्यूटर मॅडम सुबक अक्षराला मार्क देतात. मॅडम शेवटच्या कधी पेशंटजवळ टेकल्या होत्या, देव जाणे. नऊ नंबरला कमी होता तो आडोसा. उशाशी स्टुलावर सासू, पायथ्याशी नणंद, पडदा नाही, आणि शेजारची आठ नंबर झोपेतसुद्धा कान देऊन असायची.

नव्या पेशंटच्या काळजीचं सगळं घोडं इथंच अडतं. तिच्याशी बोलायचं कुठं, आणि बोललेलं पुढच्या पाळीला सांगायचं कसं. काउन्सेलर बाई चांगल्या आहेत, पण पाचला त्यांच्या खोलीला कुलूप लागतं आणि पेशंटला रडू रात्री अडीचला येतं. मग आम्ही आमच्या युक्त्या करतो. वजनकाटा ड्रेसिंग रूममध्ये आहे आणि वजन करायला नेलं की नातेवाईक मागं येत नाहीत. त्या बाईचं मी एका दिवसात तीनदा वजन केलं. सासू म्हणाली, "सिस्टर, एवढ्यात किती वाढणार हो?"

प्लॅनच्या गोलच्या रकान्यात लिहिलं होतं, 'रुग्ण सात दिवसांत पतीस निदान सांगेल.' मी त्यावर दोन रेघा मारल्या. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा काढून दाखवला. तिच्या लेखी संमतीशिवाय आपण कुणाला सांगायचं नाही. जोडीदाराला सांगायची मुभा आहे ती फक्त डॉक्टर आणि काउन्सेलरला, तीही अटींवर. आणि बाईला मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर त्यांनीही थांबायचं. मुलगी म्हणाली, "पण सिस्टर, आपण तिच्यावर थोडंच लादतोय? आणि गोलला मुदत लागते, नाहीतर मार्क कापतात." मी जरा जास्तच ओरडले. ओरडण्याचं कारण कायद्यात नव्हतं, ते पुढं येईल.

नव्या पेशंटला मी एक प्रश्न विचारते आणि तो माझा आहे असा मला गर्व आहे: गोळी घरात कुठं ठेवणार? यातून सगळं घर कळतं. कपाटाची किल्ली कुणाकडे, डबे कोण उघडतं, नवरा कधी येतो. तांदळाचा डबा, मशीनचा खण, गोठ्यातला कोनाडा, सगळी उत्तरं ऐकलीत. एकीनं बाटली वाजू नये म्हणून आत कापूस कोंबला होता. कित्येकजणी गोळ्या दुसऱ्या बाटलीत ओततात, मग त्यांना त्यातली ओल शोषणारी पुडी कशासाठी असते ते समजावत बसायचं.

नऊ नंबरचं गणित अवघड होतं. टीबीच्या रिफाम्पिसिननं डोल्युटेग्राव्हिरचा जोर उतरतो, म्हणून ती गोळी बारा तासांनी आणखी एकदा द्यावी लागते. म्हणजे लपवायच्या वेळा दोन. पण त्याच टीबीनं तिची सोयही केली होती. मूठभर गोळ्यांत आणखी दोन कोण मोजतं? मी तिला हे मोठ्या हुशारीनं सांगितलं. ती काट्यावर उभी होती. म्हणाली, "टीबी सहा महिन्यांत संपंल म्हणता. मग सातव्या महिन्यात सासूला काय सांगू?" मी काट्याकडं बघत राहिले. एकोणचाळीस किलो.

आता ओरडण्याचं कारण. २००३ साली नाइटला माझ्या बोटात सुई गेली. कशी गेली ते आमच्या लोकांना सांगायला नको, टोपण लावताना. त्या वेळी एचआयव्हीवरची मोफत औषधं, एआरटी, सुरू व्हायला वर्ष होतं. २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली तीही देशभरात आठच ठिकाणी, आणि आमचे पेशंट महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जे. जे.ला जायचे. मला मात्र अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, झिडोव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन. आकडा मला पाठ होता, अशा पेशंटच्या सुईनं लागण होण्याची शक्यता हजारात तीन. आकड्यानं झोप येत नाही. गोळ्या मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवल्या. सकाळी मळमळायचं तेव्हा पित्त म्हणायचे. नवऱ्याला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हाही नाही, आणि आजवर नाही. सात दिवसांत पतीस सांगेल म्हणे. गोळीचा प्रश्न माझ्या हुशारीतून आलेला नाही, डाळीच्या डब्यातून आलाय, हे मी त्या मुलीलाही सांगितलं नाही. प्रश्न माझाच, असं तिला वाटू दिलं.

आणि ठिपका.

मी लागले तेव्हा अशा पेशंटची खाट संडासाशेजारी असायची आणि तिच्यावर लाल अक्षरांची पाटी. ती पाटी मी भांडून काढायला लावली. याचं कौतुक मी निदान पन्नास ट्रेनिंगमध्ये स्वतःच करून घेतलंय. पण पाटी गेल्यावर रात्रपाळीच्या पोरींना कळणार कसं? म्हणून मी टीपीआर चार्टच्या मागं, खालच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेननं बारीक ठिपका द्यायला लागले. शब्द नाही, लाल रंग नाही. माझ्या मते ती गुप्तता होती. इतर वॉर्डांनी ही युक्ती उचलली तेव्हा मी मनात फुलले होते.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मुलगी माझ्याजवळ आली आणि खाली मान घालून म्हणाली, "सिस्टर, नऊ नंबर विचारत होती, माझ्याच कागदावर ठिपका का?" मी म्हटलं, शाई सांडली असेल म्हणावं. "तसंच सांगितलं. तर म्हणाली, मी ब्लाऊज शिवते ताई, खूण केल्याशिवाय कापड कापत नाही. खूण कशासाठी असते ते मला कळतं." थोडं थांबून मुलगी म्हणाली, "झाडूवाल्या मावशींनापण माहितीय तो ठिपका. मला पहिल्या दिवशी त्यांनीच दाखवला."

मला आधी काय लागलं सांगू? बाईनं मला नाही विचारलं, हे. तीन वेळा वजन मी केलं आणि विचारलं कुणाला, तर महिनाभराच्या पोरीला.

मग पुढचं लागायला लागलं. रक्त कुणाचंही असो, हातमोजे तेच, सुईचा डबा तोच, हे मीच शिकवते. औषधं चार्टवर असतातच, वेळेसकट. मग ठिपक्यात असं काय होतं, जे चार्टमध्ये नव्हतं? मी बरेच दिवस शोधलं. त्यात फक्त माझं २००३ सालचं बोट होतं.

ठिपका मी बंद केला. नऊ नंबर दुसऱ्या दिवशी घरी गेली. एआरटीचं हिरवं पुस्तक तिनं ब्लाऊजच्या मापांच्या वहीत घातलं. कुठं ठेवणार, हे मला विचारावं लागलं नाही. सातव्या महिन्याचं तिनं काय ठरवलं होतं, तेही तिनं सांगितलं नाही.

महिन्याभरानं एका नाइटला नवी अधिपरिचारिका सगळे चार्ट उलटेपालटे करत होती. "ठिपका दिसत नाही कुठं सिस्टर. आज कुणीच नाही का?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, मोजे सगळ्यांना घाल. ती बरं म्हणाली. दोनच्या सुमारास मी राउंडला निघाले तर ती औषधांचे चार्ट वाचून उठलेली. चौदा नंबरजवळ वाकली होती, नुसतं थर्मामीटर लावायला, दोन्ही हातांत मोजे घालून. तेरा नंबरला तिनं उघड्या हातानं लावलं होतं. चौदा नंबर जागी होती आणि तिच्या हातांकडे बघत होती.