सव्वा गुंठा आणि अठ्ठावीस टाके

तीन वर्षं यादीत नाव होतं, मग कौन्सिलचं पत्र आलं. लेस्टरमध्ये आम्हाला अलॉटमेंट मिळाली. अलॉटमेंट म्हणजे घरच्यापुरती भाजी पिकवायला वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. मागणी असेल तिथे अशा जागा द्याव्यात, हे इंग्लंडमधल्या कौन्सिलांवर १९०८ च्या कायद्याने बंधन आहे. मोजमाप अजून जुनंच, ‘रॉड’मध्ये. पूर्ण प्लॉट दहा रॉडांचा. आमच्या वाट्याला निम्मा आला. ह्यांनी कागदावर हिशेब मांडला: बरोबर सव्वा गुंठा.

कराडला सासऱ्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “अगं, एवढ्यात तर आपलं खळं असतं.”

एप्रिलअखेर छान ऊन पडलं आणि मी उत्साहाने घेवड्याची रोपं लावली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री दंव गोठलं. सकाळी पाहिलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोळत होती. शेजारच्या प्लॉटवरच्या बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तोंडावर इथल्या रीतीने मी त्यांना नावाने हाक मारते, मनात मात्र आजी म्हणते. त्यांनी आपल्या शेडच्या खिडकीतली सहा रोपं आणून दिली. “आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “पहिल्या वर्षी कोणी ऐकत नाही,” त्या म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये उलटी अडचण. झुकिनी दोन दिवस तोडली नाही की दुधीएवढी होते. पिकवलेल्या भाजीचा धंदा करायचा नाही, हा नियम. मग फाटकाशी एक क्रेट ठेवलेला असतो. जास्तीचं त्यात टाकायचं, हवं त्याने न्यायचं. माझी मेथी कोण नेतं ते मला अजून कळलेलं नाही, पण क्रेट रिकामा होतो.

सप्टेंबरात पावसाने झोडपलं तेव्हा मी आजींच्या शेडमध्ये शिरले. जुन्या दारांच्या फळ्या ठोकून केलेली शेड. आजी बिस्किटाच्या डब्यातून लोकर काढून काहीतरी विणत होत्या. हातात मावेल एवढी टोपी. बाहुलीची असेल असं वाटलं. ती होती बाटलीची! इनोसंट ही स्मूदीची कंपनी २००३ पासून लोकांकडून अशा टोप्या विणून घेत होती आणि त्या घालून बाटल्या विकत होती. अशा दर बाटलीमागे पंचवीस पेन्स एज यूके या वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जायचे. “म्हाताऱ्या माणसांसाठी असतं ते,” आजींनी समजावलं, जणू ती माणसं कुणी वेगळीच.

आईने मला विणकाम शिकवलं होतं, पण सुया हातात धरून वीस वर्षं झाली होती. अठ्ठावीस टाके घालायचे, दोन ओळी सुलट, मग एक सुलट एक उलट. वर आलं की दोन-दोन टाके एकत्र घेत कमी करायचे, उरलेल्यांतून दोरा ओवून गच्च ओढायचा, बाजू शिवायची. माझा हात घट्ट. पहिली टोपी फळीवरच्या रिकाम्या बाटलीच्या बुचापाशीच अडली. दुसरी बसली, पण नखातल्या मातीने पांढरी लोकर करडी झाली. तेव्हापासून शेडमध्ये मी गडद रंगच नेते.

त्या हिवाळ्यात माझ्या त्रेसष्ट टोप्या झाल्या. आजींच्या किती, ते त्या मोजत नाहीत. माझा हिशेब पंधरा पौंड पंच्याहत्तर पेन्स.

सासऱ्यांना आकडा सांगितला. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “आणि मेथीचे किती आले?”

“इथे विकायची नसते, बाबा.”

“मग बरं चाललंय,” ते म्हणाले.

यंदा घेवडा जूनमध्ये लावला. सगळा जगला.