अब्बांची होडी

खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही, कुजते ते गोड्या पाण्याने. जन्म खाडीकाठी जाऊनही हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. समुद्रातले लाकडाचे शत्रू निराळे. तिथे एक मऊ, लांबट जीव लाकडात शिरून आतल्या आत बोगदे पाडतो. दिसायला किडा, पण कूळ शिंपल्याचे. बुरशीला मात्र मीठ मानवत नाही. तिला हवा हवी आणि पावसाचे साचलेले पाणी हवे. म्हणून रोज खाडीत जाणारी होडी वर्षानुवर्षे टिकते आणि काठावर जपून ठेवलेली आतून पोकळ होते.

आमची होडी जपून ठेवलेलीच होती. दाभोळच्या खाडीकाठी, घरामागच्या मांगरात. लांबी बावीस फूट, बहुतेक साग, काही फळ्या फणसाच्या. अब्बांनी ती चाळीस वर्षे चालवली. तिच्यातून भाताची पोती गेली, कौले गेली, आंब्याच्या पेट्या गेल्या. पैलतीरावर दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या आणि एकदा भर पावसात एक जनाजाही आला. त्या दिवशी अब्बांनी कुणाला बोलू दिले नव्हते, फक्त वल्ह्यांचा आवाज. 2003 साली दाभोळ-धोपावे जंगलजेटी सुरू झाली. मोटारी तराफ्यावर चढून पलीकडे जाऊ लागल्या. अब्बांनी तक्रार केली नाही. पहिल्याच आठवड्यात स्वतः जेटीत बसून धोपाव्याला चहा पिऊन आले आणि दुसऱ्या दिवशी होडी वर ओढली. नंतर दरवर्षी पावसाळ्याआधी ते तिला तेल पाजत. 2014 साली ते गेले.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने मांगराचे छप्पर नेले. टाळेबंदीमुळे आम्ही सगळे मुंब्र्यात. तो अख्खा पावसाळा होडीत पडला.

गेल्या दिवाळीनंतर मेस्त्रींना बोलावले. हा माणूस बोलतो कमी. आधी हातोडीच्या दांड्याने एकेक फळी ठोकत गेला. चांगले लाकूड खणखणते, गेलेले भद्द वाजते. मग टोचा घेऊन भद्द वाजलेल्या जागी दाबला. दोन-तीन ठिकाणी तो मुठीपर्यंत आत गेला. ओल्या मातीचा वास आला. खिळ्यांच्या भोवती लाकूड काळे पडले होते, कारण लोखंड गंजले की शेजारच्या लाकडालाही घेऊन जाते. पुढची नाळ ठीक होती. बरगड्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. तळाच्या कण्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. लहानपणी मला वाटायचे, काबूलचा कुणी पठाण होडीखाली आडवा पडलाय. तो पठाण मात्र मागचे चार फूट सोडले तर शाबूत निघाला. सागाचा गाभा होता, बाहेरचा पांढुरका भाग त्यात आलेलाच नव्हता.

"होईल, भाई," मेस्त्री म्हणाले, "पण जुनं किती ठेवायचं ते तुम्ही सांगा."

खरा पेच हाच होता. सगळे कुजके काढले तर तीनातली एक फळी अब्बांच्या हातची उरणार. तिला अब्बांची होडी म्हणायचे की त्यांच्या मापाची दुसरी? खर्च तर नव्या फायबरच्या होडीपुढे जात होता. धाकटा भाऊ कुवेतमध्ये. तो फोनवर म्हणाला, "भाईजान, पैशाची फिकीर करू नका, जशी होती तशी करा." दूर राहणाऱ्याला वस्तू जशी होती तशीच हवी असते, मुंब्र्यात बसून मलाही तसेच वाटत होते. पुतण्याने सुचवले, वरून फायबर मारून टाकू. मेस्त्रींनी मान हलवली. ओल्या लाकडावर फायबर म्हणजे ओल आत कोंडणे. वरून चकचकीत आणि आत सडणे चालूच. एका रिसॉर्टवाल्याचाही निरोप आला. त्याला होडी अंगणात उभी करून तिच्यात फळ्या ठोकून सरबताच्या बाटल्या मांडायच्या होत्या. किंमत बरी देत होता.

अम्मी पडवीत बसून हे सगळे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जी पाण्यात जायची नाय, तिच्यावर पैसा घालणं इसराफ हाय. आन् जायची असेल तर तुमच्यातला कोण वल्हं मारणार, त्याचं नाव सांगा."

नाव कुणाकडेच नव्हते. भाऊ कुवेतमध्ये, मी नोकरीतून निवृत्तीच्या वाटेवर, पुतण्या संगणकावर. होडी दुरुस्त होऊन परत मांगरात गेली असती आणि पाच-सात पावसाळ्यांत पुन्हा मेस्त्रींना बोलवावे लागले असते.

शेजारच्या कोळ्याच्या मुलाला खाडीत जाळे टाकायला लहान होडी हवी होती. मेस्त्रींनी हिशेब मांडला. पठाणाचे शाबूत लाकूड, नाळ आणि चांगल्या फळ्या धरून सोळा फुटांची होडी बसते. बाकी लाकूड नवे. लाकडाचे आम्ही द्यायचे, मजुरीचे त्याने. भाऊ दोन दिवस रुसला, मग त्याने पैसे पाठवले.

मोडण्याआधी मेस्त्रींनी एक काम केले, जे मी सांगितले नव्हते. या होड्यांचा नकाशा कुठे काढलेला नसतो, माप कारागिराच्या डोळ्यांत असते. त्यांनी उरलेल्या बरगड्यांवर पातळ फळ्या धरून कोळशाने वळण उतरवून घेतले. पुतण्याने प्रत्येकीवर आकडा टाकला. अकरा फळ्या झाल्या. त्या आता माळ्यावर आहेत, कौलांपासून दूर, खाली विटा लावून.

नव्या लाकडाचा बयाणा दिला आहे. ते मार्चपर्यंत सावलीत सुकेल, मग काम सुरू. बसायची एक फळी अम्मीने मागून घेतली. तिच्यावर बसून ती सकाळी मासळी साफ करते.