चालेल आणि चालणार नाहीं

मराठी संसारांत दिवसाकाठीं सर्वांत अधिक वेळां उच्चारला जाणारा शब्द कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणें 'चालेल' या शब्दाचें नांव सांगूं. पाटाचा एक पाय आंखूड झाला, खालीं कागदाची घडी सारली, चालेल. छत्रीची काडी मोडली, दोऱ्यानें बांधली; चालेल. विजेचा फ्यूज वितळला, हाताशीं सांपडली ती तार गुंडाळली, चालेल. या एका शब्दांत काटकसर आहे, औदार्य आहे आणि नशिबाशीं केलेली तडजोडहि आहे. ज्या घरीं तो मुळींच ऐकूं येत नाहीं त्या घरीं नांदणें कठीण. परंतु या शब्दास जेथें बाहेरच थांबवावें लागतें, असाहि एक उंबरठा आहे. तो आम्हांस स्पष्ट दिसला तो एका बंदुकीची झिजलेली नळी काढून नवी बसवितांना पाहिलें तेव्हां.

बंदूक आणि आमच्यासारखें पांढरपेशें घर यांचा संबंध तो काय, असें वाचक विचारतील. तो जवळजवळ नाहींच. दसऱ्याला आमच्या पाटावर शस्त्रें म्हणून मांडलीं जातात तीं विळी, कात्री आणि अडकित्ता. १८७८ सालच्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रज सरकारनें येथील प्रजेच्या हातांतील शस्त्रावर परवान्याचें बंधन घातलें; स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा कायदा केला, पण परवान्याचें तत्त्व कायम ठेविलें. या कायद्याच्या व्याख्येंत हत्याराचा सुटा भाग हेंहि हत्यारच, आणि दुरुस्ती करावयाची तर तिलाहि परवाना पाहिजे. तेव्हां घरच्या घरीं नळी बदलण्याचा विचार येथें संभवतच नाहीं. अमेरिकेंत दृष्टि निराळी. तेथील संघराज्याच्या कायद्यानें बंदूक म्हणजे जिच्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो तो मधला पोलादी सांगाडा. तो विकणाऱ्या व्यापाऱ्यास परवाना लागतो. नळी मात्र शिवणयंत्राच्या एखाद्या भागाप्रमाणें टपालानें घरपोंच येते. ही व्यवस्था बरी कीं वाईट, याचा वाद त्या देशांत अखंड चालू आहे, आणि त्यांत आम्हांस पडावयाचें नाहीं. शिकारीचेंहि आम्हांस कौतुक नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें केवळ एका कामाच्या रीतीनें.

पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत आमचें कांहीं काळ वास्तव्य होतें. अठराव्या शतकांत याच प्रांतांत लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनीं लांब नळीच्या रायफली घडविण्याची परंपरा घातली. तेथील खेड्यापाड्यांत आजहि हरणाच्या शिकारीचा मोसम हा एखाद्या सणासारखा वाटतो. आमचे शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते, हातानें काम करण्याची हौस असलेले. त्यांच्या जुन्या रायफलीचा नेम कांहीं वर्षांपासून पांगूं लागला होता. प्रत्येक बाराबरोबर तप्त वायूचा लोट नळीच्या मुखाशीं नव्हे, तर काडतुसाच्या कोठीपुढें, जेथें आंतील पीळ सुरू होतो तेथें घांसतो. कांहीं हजार बारांनंतर तो पीळ तेथें भाजून झिजतो, आणि गोळीस सरळ वाट मिळत नाहीं. सांगाडा शाबूत असतो, दस्ता शाबूत असतो. म्हातारी होते ती नळी. त्या हिंवाळ्यांत त्यांच्या मुलीचा मुलगा बारा वर्षांचा होणार होता. शिकारीचा परवाना त्या प्रांतांत याच वयापासून मिळतो, आणि रायफल नातवाच्या हातीं द्यावयाची हें आजोबांनीं मनाशीं ठरविलें होतें.

बोल्टची रायफल म्हणजे दाराच्या अडसराची बंदूक. पोलादी अडसर पुढें सारावा, खालीं फिरवावा, कीं काडतूस आपल्या कोठीत बंद होतें. जर्मनींतील पॉल मौझर यांची १८९८ सालची रायफल ही या जातीची कुलमाता म्हणावी लागेल. तशा रायफलीची नळी सांगाड्यास आंट्यांनीं घट्ट बसते, आणि नळीचा खांदा सांगाड्यास टेंकतो. म्हणून नवी नळी बसवावयाची तर कोठी केसाकेसानें कोरीत जावी लागते. तें कातारी माणसाचें काम, आणि त्याला लेथ पाहिजे. १९५८ सालीं सॅव्हेज कंपनीनें काढलेल्या ११० क्रमांकाच्या रायफलींत निकोलस ब्रूअर या कल्पक गृहस्थांनीं ही अडचण एका चाकीनें सोडविली. त्यांनीं नळीचा खांदाच काढून टाकला. नळी आंट्यांवर पुढेंमागें फिरवून हवी तेथें ठेवावी, आणि मग बाहेरून मोठी चाकी आंवळून तिला तेथेंच जखडावें. कारखान्याच्या सोयीसाठीं योजलेल्या या युक्तीनें कातारी माणसाचें काम एका पान्यावर आणि दोन मापांवर आणून ठेविलें, आणि पुढें तें घरांतहि शिरलें.

परंतु जी सोय नळीला हवी तेथें बसूं देते, ती नको तेथेंहि बसूं देते. अडसराचें तोंड आणि कोठींतील जेथें काडतुसाचा खांदा टेंकतो ती जागा, यांमधील अंतर हा या साऱ्या कामाचा प्राण आहे. तें कमी पडलें तर अडसर बंदच होत नाहीं. त्यांत त्रास आहे, पण फसवणूक नाहीं. तें अधिक झालें तर मात्र सर्व कांहीं सुरळीत दिसतें, अडसर लोण्यासारखा फिरतो, आणि धोका आंत दडून बसतो. बार उडतांच पितळेची नळकांडी मागें ताणली जाते, आणि ताण फार झाला तर बुडाशीं फाटूं शकते. आमच्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरमध्यें दर चौरस इंचास सुमारें पंधरा पौंड दाब असतो, आणि तरी त्याच्या शिटीकडे आम्ही आदरानें पाहतों. शेजाऱ्यांच्या रायफलींतील काडतूस तीनशें आठ या नांवाचें होतें; त्याच्या दाबाची ठरलेली कमाल मर्यादा बासष्ट हजार पौंड आहे. आणि त्या कोठीपासून वीतभर अंतरावर नेम धरणाऱ्याचा गाल असतो.

त्या संध्याकाळीं तळघरांतल्या मेजावर दोन पोलादी कांड्या मांडल्या होत्या. काडतुसाच्याच आकाराच्या, बोटाएवढ्या, दिसण्यांत अगदीं जुळ्या बहिणी. एकीचें माप १.६३० इंच, दुसरीचें १.६३४. पहिलीचें नांव 'जा', दुसरीचें 'जाऊं नको'. पहिली कोठींत घातली असतां अडसर बंद झालाच पाहिजे. दुसरी घातली असतां बंद होतां कामा नये. दोहोंतील अंतर इंचाचे चार सहस्रांश, म्हणजे आपल्या लिहिण्याच्या कागदाची जाडी. नळीचे आंटे असे असतात कीं एका पूर्ण फेऱ्यास ती इंचाचा विसावा भाग सरकते. घड्याळाच्या तबकडीवर एका तासाचें जेवढें अंतर, तेवढी ती फिरली कीं एक माप ओलांडून दुसरें गांठलें जातें. सुरक्षितपणाची सारी जागा तेवढीच.

जुनी चाकी सुटावयास अर्धा तास लागला. वर्षानुवर्षें बसलेलें लोखंड आपली जागा सुखासुखीं सोडीत नाहीं. नवी नळी हातानेंच अलगद फिरत गेली, 'जा' कांडीस टेंकली आणि थांबली. आजोबांनीं चाकी आंवळली. 'जा' घातली, अडसर बंद झाला. मग 'जाऊं नको' घातली, आणि एका बोटाच्या रेट्यानें अडसर तिच्यावरहि बंद झाला. चाकी आंवळतांना आंट्यांतील किंचित् ढिलाईमुळें नळी पुढें ओढली जाते. नातू शेजारींच उभा होता. साऱ्या दिवसाची उत्सुकता त्याच्या चेहऱ्यावर होती. तो इंग्रजींत जें बोलला त्यास मराठींत एकच शब्द आहे: "आजोबा, चालेल ना?"

आजोबांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं पाना उचलला आणि चाकी पुन्हा सोडली. "ही कांडी माझी नातलग नाहीं," ते कांहीं वेळानें म्हणाले, "म्हणूनच मीं ती विकत घेतली." त्या रात्रीं काम पुरें झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नळीस एका हातानें घट्ट आवरून चाकी आंवळली, तेव्हां 'जा'वर अडसर बंद झाला आणि 'जाऊं नको'वर निम्म्या वाटेंत थबकला. एवढें झाल्यावरहि पहिला बार उडविण्यापूर्वीं ते ती रायफल गांवांतल्या बंदूकसाजाकडे दाखवावयास घेऊन गेले. घरीं काम केलें म्हणून दुसऱ्या डोळ्याची गरज संपली, असें त्यांना वाटलें नाहीं.

आम्हांस तें वाक्य पुष्कळ दिवस पुरलें. स्वावलंबन म्हणजे दुसऱ्यावांचून चालविणें अशी आमची समजूत होती. पण या तळघरांतील स्वावलंबनामागें किती परक्यांचे हात होते! काडतुसाचीं आणि कोठीचीं मापें ठरविणारी अमेरिकेंतील कारखानदारांची संस्था १९२६ सालीं स्थापन झाली. एकानें केलेलें काडतूस दुसऱ्यानें केलेल्या बंदुकींत निर्धास्त घालतां यावें हा तिच्या उद्देशांपैकीं एक. त्याच्याहि मागें जावें तर १७८५ सालीं पॅरिसजवळ ओनोरे ब्लां या कारागिरानें टॉमस जेफर्सन यांच्यापुढें बंदुकीच्या कळींच्या सुट्या भागांचे ढीग ठेविले, आणि हातास येईल तो तुकडा उचलून जेफर्सन यांनीं स्वतः त्या जुळविल्या. १८२० नंतर हार्पर्स फेरी येथें जॉन हॉल यांनीं भाग तपासण्याच्या मापांचा मोठा ताफाच उभा केला. हीच रीत पुढें शिवणयंत्रांत आणि सायकलींत आली. आज आम्ही बाजारांतून एक सुटा स्क्रू आणतों आणि तो बसतो, हा चमत्कार त्या मापांचा. स्वतःच्या हातानें काम करणारा माणूस एकटा नसतोच. अनेक अनोळखी माणसांनीं मान्य केलेलें एक माप त्याच्या खिशांत असतें, म्हणून तो एकटा बसूं शकतो.

आपल्या परंपरेस ही गोष्ट नवी नाहीं. गवंड्याचा ओळंबा काय करतो? भिंत घरधन्याची असो वा खुद्द गवंड्याची, ती कलली असेल तर ओळंबा तसें सांगतोच. सोनाराच्या कसोटीस गिऱ्हाइकाची भीड नसते. बुद्धि, अनुभव आणि हौस हीं सर्व आपल्याच पक्षाचीं असतात. थकवा आला कीं तीं 'चालेल' म्हणण्यास टपलेलीं असतात. त्यांत आवडत्या माणसाचा उतावीळ चेहरा समोर असला म्हणजे विचारावयासच नको. अशा वेळीं उपयोगी पडतें तें आपल्याशीं कोणतेंहि नातें नसलेलें, निर्विकार असें एखादें माप.

आणि म्हणून आम्हांस आमच्या घराची काळजी वाटते. फ्यूजमध्यें जाड तार घालतांना दिवे लागतात, एवढीच परीक्षा आम्ही घेतों. ती 'जा' कांडीची परीक्षा झाली. वेळ आल्यावर ती तार वितळेल कीं नाहीं, कीं तिच्याऐवजीं भिंतींतील वायरच पेटेल, हें आम्ही विचारीत नाहीं. कुकरची सुरक्षा-झडप जुनी झाली तरी भात शिजतो, म्हणून ती चालते. शेजाऱ्याच्या मुलास लागू पडलेलें औषध आमच्या मुलास अंदाजानें दिलें आणि ताप उतरला, म्हणून अंदाज बरोबर ठरतो. काम झालें, यापलीकडे आम्ही पाहत नाहीं. वास्तविक धोक्याचें कामहि बहुधा होतच असतें. अडसर दोन्ही कांड्यांवर सारख्याच गोडीनें फिरतो. जें होतां कामा नये तें होत नाहीं ना, हें मुद्दाम पाहिल्यावांचून परीक्षा पुरी होत नाहीं.

पाट डुगडुगला तर कागदाची घडी अवश्य सारावी. तेथें कोणाचा गाल वीतभर अंतरावर नसतो. 'चालेल' हा शब्द घरांतून हद्दपार करावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्याला घरांत राहूं द्यावें, पण जेथें आपल्या माणसाचा जीव दुसऱ्या टोकाला आहे तेथें त्याच्या थोरल्या बहिणीस आधीं विचारावें. ती कमी बोलते, लाडहि करीत नाहीं. आणि तिनें 'चालणार नाहीं' म्हटलें तर पाना उचलून चाकी पुन्हा सोडावी.